मराठीत सांग

माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी पहिल्या भेटीत काय झालं ते विचारत नाही. कोणी केलं तेही नाही. कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवते आणि म्हणते, आधी जागा काढ. दार कुठे होतं, खिडकी कुठे, कोण कुठे बसायचं. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी.

याला कारण आहे. गेली दहाएक वर्षं मी जयपूरच्या कोर्टात अत्याचार सोसलेल्या मुलींचे आणि बायकांचे भरपाईचे अर्ज चालवते. भरपाई मिळायची तर जे झालं ते खरंच झालं, एवढं आधी पटवावं लागतं, आणि समोरचा वकील पहिला घाव आठवणीवरच घालतो. कोणता वार होता, कोणता महिना, किती वाजले होते. बायका वार चुकतात, महिना चुकतात. जागा मात्र चुकत नाहीत. एका बाईने वीस वर्षांपूर्वीच्या खोलीत कॅलेंडर कुठे टांगलेलं होतं ते काढून दाखवलं होतं, आणि पोलीस गेले तेव्हा त्या भिंतीत खिळा तसाच होता.

या पद्धतीचा मला अभिमान होता. अभिमानाच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतला नाही. वकिलीचा होता, फटकळ जिभेचा होता, आणि सगळ्यात जास्त माझ्या मराठीचा. मी साताऱ्याची. नवरा फौजेत, त्यांची बदली इथल्या छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही खातीपुऱ्यातच घर केलं. आसपासच्या मराठी घरांतली पोरं "मम्मी, भूख लगी" करत फिरायची आणि त्यांच्या आया कौतुकाने हसायच्या, तेव्हा माझं डोकं फिरायचं. त्या आयांना मी तोंडावर बोलायची. त्या मला मागून काय म्हणायच्या ते मला माहीत होतं आणि त्याची मला पर्वा नव्हती.

मागच्या वर्षी मे महिन्यात एक मुलगी आली. वय बावीस, जयपूरच्याच झालाना भागात एका कंपनीत पहिलीच नोकरी. वडील फौजेतून निवृत्त होऊन कोल्हापूरला परतलेले. फोनवर तिने आडनाव सांगितलं तेव्हाच मला बरं वाटलं होतं, आपल्याकडची पोर म्हणून. ती चेंबरमध्ये आली, खुर्चीच्या अगदी कडेला टेकली आणि म्हणाली, "मॅम, दार उघडं राहिलं तर चालेल?"

बाहेर ऊन आग ओकत होतं आणि कूलर आत्ता कुठे खोली गार करत होता. मी नाराजीनेच उठले आणि दार उघडलं.

"मॅम, मला मराठी येते, पण थोडी. मतलब, हिंदीत बोलले तर?"

"अगं, मराठी घरची ना तू?" मी म्हटलं. "दिवसभर हिंदीच ऐकते मी. माझ्याकडे तरी मराठीत बोल. अडलीस तर मी आहे की."

टेबलावर माझी गोळ्यांची बरणी असते, संत्र्याच्या गोळ्यांची. रडून घसा कोरडा पडलेल्या बाईला पाण्याआधी गोळी बरी वाटते, असा माझा अनुभव. ती त्या बरणीकडे बघत राहिली. मी झाकण काढून बरणी तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली. लाजते आहे, असं मी समजले.

मग ती तुटक तुटक बोलू लागली. नऊ वर्षांची असताना झालं होतं. इथेच, जयपूरमध्ये, वडिलांची पोस्टिंग होती तेव्हा. आईला कधी सांगितलं नाही. आई गेल्यावर, त्याआधीच्या दिवाळीत, वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, इतकी वर्षं कुठे होतीस, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

"मला कोर्टाचा कागद पाहिजे," ती म्हणाली. "भरपाई किती मिळते ते मला नाही माहीत. पण त्यावर लिहिलेलं असतं ना, की असं झालं होतं? पप्पा फौजी आहेत. शिक्का असलेला कागद मानतात."

मी म्हटलं, भरपाईच्या आदेशात तसं लिहिलेलं असतं, आणि तो कागद मिळवून देणं हे माझं काम. मग नेहमीप्रमाणे कोरा कागद पुढे केला.

ती चांगलं काढत होती. एक लांबट हॉल, रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या. डाव्या टोकाला एक दार, त्या दारामागे छोटी खोली. खोलीच्या दाराला आतून कडी, तीसुद्धा तिने काढली. बाहेर तीन पायऱ्या, लिंबाचं झाड, पाण्याची टाकी, टाकीच्या नळाला बांधलेलं फडकं. मी चष्मा पुसत होते. फडकं बघून थांबले. ते फडकं बांधलेला नळ मी कुठेतरी पाहिला होता.

हॉलच्या मुख्य दाराशी तिने एक टेबल काढलं आणि टेबलावर एक छोटा गोल.

"हे काय?"

"बरणी. गोळ्यांची. इथे एक आंटी बसायच्या. त्यांना हिंदी अजिबात चालायची नाही. मराठीत बोललं की गोळी द्यायच्या."

मी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या टेबलावरच्या बरणीकडे पाहिलं.

ती बोलतच होती. तिला पहिल्यांदाच सलग बोलता येत होतं. "सर एकेकाला आत बोलवायचे, पाढे म्हणून दाखवायला. एक दिवस मी मधूनच पळून बाहेर आले. त्या आंटींना म्हटलं, आंटी, सर अंदर... तर त्या म्हणाल्या, मराठीत सांग, मग ऐकते."

"मग?" मी विचारलं.

"मग मला मराठीत त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. मी थोडा वेळ उभी राहिले. सरांनी परत बोलावलं. मी गेले."

मला सुनावणी आहे, असं खोटंच सांगून मी तिला लवकर वाटेला लावलं. ती गेल्यावर दार लावून घेतलं, बरणी उचलली आणि कपाटाच्या तळाशी फायलींच्या मागे ठेवली. मग खुर्चीत बसून तिचा तो कागद बघत राहिले. नकाशात एकही चूक नव्हती. टेबलाची जागासुद्धा बरोबर होती. मीच निवडलेली जागा होती ती, दारातून वारा यायचा म्हणून.

तो उन्हाळी मराठी वर्ग आम्ही पाच-सहा फौजी घरांतल्या बायकांनी काढला होता. हॉल भाड्याचा. कल्पना माझी, आणि नियमही माझाच. दाराच्या आत हिंदीचा एक शब्द नाही. पाणी हवं, मराठीत माग. बाथरूमला जायचंय, मराठीत सांग. पडलास, गुडघा फुटला, तरी आधी मराठीत सांग, मग मलम. पोरं रडत रडत "आंटी, खून" करायची आणि मी म्हणायची, खून नाही, रक्त. इतर बायका हसायच्या. दोन महिन्यांत पोरं मराठी बोलू लागली, आयांनी माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.

आणि गुरुजी. त्यांनाही मीच आणलं होतं. मुलाकडे राहायला आलेले निवृत्त शिक्षक. भाजीच्या गाड्यावर त्यांची मराठी कानावर पडली, अशी स्वच्छ, की मी पिशवी खाली ठेवून त्यांना नमस्कार केला. पाढे, श्लोक, शुद्धलेखन, सगळं शिकवतो म्हणाले, मानधन नको म्हणाले. गंगेत घोडं न्हालं असं मला झालं. मुलांना एकेकाला आत घेऊन पाढे ऐकतो, बाहेर गोंगाट असतो, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा बाजूची खोली मी स्वतः झाडून दिली.

ही सगळी माहिती माझ्या डोक्यात तेरा वर्षं होती. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या कोणी मला हेच सांगितलं असतं, की एक म्हातारा फुकट शिकवतो आणि मुलांना एकेकटं आत नेतो, तर पुढचं मी त्याच्याआधी सांगितलं असतं. आपल्याच नाकाखाली मला ते दिसलं नाही, कारण तो माणूस 'पाणी' शब्दातला ण नीट म्हणायचा.

माझ्याच चेंबरमध्ये दुसऱ्या टेबलाला एक वकील बसते, जयपूरजवळच्या चाकसू गावची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिला मी सगळं सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "दीदी, आप इस केस में वकील नहीं रहीं. आप गवाह हैं."

मला ते कळत होतं. एकाच खटल्यात वकीलपत्र आणि साक्ष दोन्ही चालत नाही. पण कळणं वेगळं आणि दुसऱ्याने तोंडावर सांगणं वेगळं. ती पुढे म्हणाली, गुरुजींकडचे लोक एकच गोष्ट धरून बसणार, की बाजूला खोली नव्हतीच, सगळी मुलं हॉलमध्ये सगळ्यांसमोर बसायची. हॉल तर केव्हाच पाडला. बाकीच्या बायका बदल्या होऊन कुठे कुठे गेल्या. त्या दाराबाहेर बसणारं माणूस एकच, आणि ते तुम्ही. "लड़की को पता है?"

"नाही," मी म्हटलं. हिंदीत उत्तर द्यायचं मला सुचलंच नाही.

"तो बताइए."

मी चार दिवस सांगितलं नाही. घाबरले होते, दुसरं काही नाही. आणि दुसरी एक गोष्ट मला खात होती: मला ती मुलगी आठवत नव्हती. नुसतं 'मी तिथे होते, पण आठवत नाही' म्हणणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणीत काय दशा होते, ते मी कितीदा पाहिलं आहे, कितीदा मीच केली आहे. म्हणून ते चार दिवस मी नुसतं आठवत होते. स्वयंपाक करताना, स्कूटरवर, सिग्नलला. घरातले म्हणायचे, लक्ष कुठे आहे तुझं.

आणि पाचव्या दिवशी आठवलं. कणीक मळत होते आणि एकदम समोर आली. दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी, शाळेचाच निळा फ्रॉक. खोलीच्या दारातून बाहेर आली, माझ्या टेबलाशी उभी राहिली. "आंटी, मेरे को घर जाना है." मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हटलं होतं, मराठीत सांग. ती एका पायाने दुसरा पाय खाजवत उभी होती. मग गेली. आत गेली की बाहेर, ते मी पाहिलं नव्हतं. पिठाचे हात तसेच ठेवून मी खाली जमिनीवर बसले. मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात सुटका होती. आठवलं, म्हणजे मी तिच्या उपयोगी पडणार होते.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. चाकसूची वकील समोर बसली होती. दार मी आधीच उघडं ठेवलं होतं. आणि त्या चेंबरमध्ये मी पहिल्यांदा पक्षकार मराठी असून हिंदीत बोलायला लागले. माझी हिंदी काही धड नाही. इतकी वर्षं झाली तरी लिंगं चुकतात. तरी म्हटलं, "वह आंटी मैं हूँ. जो टेबल पर बैठती थी."

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, आश्चर्यानेही नाही.

"मला वाटलं होतं," ती मराठीत म्हणाली. "पहिल्या दिवशीच, बरणी बघून. पण मग म्हटलं, सगळे मराठी लोक अशी बरणी ठेवत असतील."

मला कोणीतरी कानाखाली द्यावी तसं झालं. पण माझ्याकडे अजून तिला द्यायला एक गोष्ट होती, आणि मी घाईघाईने ती पुढे केली. म्हटलं, मला तू आठवतेस. काल आठवलीस. दोन वेण्या होत्या तुझ्या, लाल रिबिनी, निळा फ्रॉक. तू म्हणालीस, मेरे को घर जाना है. हे सगळं मी कोर्टात सांगणार आहे, शपथेवर.

तिने मोबाइल काढला, बराच वेळ शोधत राहिली, मग माझ्यासमोर धरला. जुना फोटो होता. लिंबाच्या झाडाखाली आमचीच मुलं ओळीत उभी. तिने एका मुलाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"ही मी. त्या वर्षी डोक्यात उवा झाल्या होत्या, मम्मीने बॉयकट केला होता. आणि मी पूर्ण समर शॉर्ट्समध्येच होते."

फोटोत ती मुलगाच वाटत होती. ती आमच्याच वर्गातली होती यात शंका नव्हती, खांद्यावर वर्गाचा बिल्ला होता, मीच शिवलेला.

"मॅम, रिबिनवाली मी नाही."

चाकसूची उठून टेबलाजवळ आली. तिने फोटो मोठा केला आणि ओळीतून बोट फिरवू लागली. मागच्या रांगेत, टोकाला, अर्धवट कापली गेलेली एक मुलगी होती. चेहरा अर्धाच होता. एक वेणी दिसत होती, रिबीन होती. कूलरच्या आवाजाचा एवढा त्रास मला कधी झाला नव्हता.

माझ्या मनात तोवर एकच मुलगी होती. एकीचं पाप होतं, एकीची माफी मागायची होती, एकीला कागद मिळवून द्यायचा होता. आता मला समजत नव्हतं, की त्या दोन महिन्यांत त्या टेबलाशी किती जणी उभ्या राहिल्या असतील. मी सगळ्यांनाच तेच सांगत होते. दिवसातून पन्नासदा सांगत होते.

पुढचं रीतीप्रमाणे झालं. तक्रार नोंदवली गेली, जबाब झाले. भरपाईचा अर्ज आणि वकीलपत्र चाकसूचीच्या नावाने गेलं. गुरुजींच्या मुलाने वडिलांच्या बाजूने वकील दिला, आणि त्याने खरोखरच म्हटलं, की बाजूला खोली नव्हतीच. माझी साक्ष या फेब्रुवारीत झाली. बंद दाराआड, म्हणून ती मुलगी बाहेर बाकावर थांबली होती. पिंजऱ्यात मी पहिल्यांदाच उभी राहत होते. कठडा किती उंच असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

खोली होती, मी सांगितलं. आतून कडी होती. मी स्वतः झाडून दिली होती, म्हणून नक्की सांगते. मग त्यांच्या वकिलाने विचारलं, "क्या आपको यह लड़की याद है?"

हो म्हणणं किती सोपं होतं. बॉयकट, शॉर्ट्स, बिल्ला, सगळं मला आता माहीत होतं. कोणालाही कळलं नसतं. चाकसूची कागदात मान घालून बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"नहीं," मी म्हटलं. "यह मुझे याद नहीं."

तो वकील समाधानाने खाली बसणार, तेवढ्यात मी म्हटलं, "मुझे दूसरी याद है."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मला सविस्तर सांगायला लावलं. रिबीन, निळा फ्रॉक, ती काय म्हणाली. मग त्यांनी विचारलं, आपने क्या कहा? मी मराठीत सांगितलं. टायपिस्टचे हात थांबले. बाई म्हणाल्या, हिंदीत सांगा, नोंदवायचं आहे. मग मी माझ्याच वाक्याचं हिंदी केलं. "मराठी में बोलो, तब सुनूँगी." टायपिस्टने ते टाइप केलं आणि चालीप्रमाणे एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच्या सपाट आवाजात ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, की मुलाला हे वाक्य कसं ऐकू येत असेल. त्यात रागावणंसुद्धा नव्हतं. नुसतं दार लावणं होतं.

"उस बच्ची का नाम?"

"मालूम नहीं. पूछा नहीं था."

सही करून बाहेर आले. ती बाकावर बसली होती, मांडीवर डबा, शेजारी पाण्याची बाटली. मी जे जे बोलले ते तिला सगळं सांगितलं. तू आठवत नाहीस म्हणाले, हेही सांगितलं. अर्जाचा निकाल कधी लागेल, तिच्या वडिलांना दाखवायचा कागद तिला मिळेल की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तो फोटो सगळ्या जुन्या ग्रुपवर टाकलाय. एका आंटीने रिप्लाय केला. रिबिनवालीचे पप्पा आर्मी सिग्नल्समध्ये होते. आता ते लोक नाशिकला आहेत. नंबर मिळेल."

"मी करते फोन," मी लगेच म्हटलं. "माझं काम आहे ते."

तिने डब्याचं झाकण नीट लावलं. मग माझ्याकडे बघून, कुठेही न अडखळता, चांगल्या मराठीत म्हणाली, "नको. तिच्याशी मी बोलेन. तुम्ही नको."

मी बरं म्हटलं आणि तिच्या शेजारी बसून राहिले.